कोहा बनवणारा चमू काम कसे करतो आणि आपल्या ग्रंथालयांतून त्याला हातभार कसा लावता येईल?

सातपुडा_पायथा :

नमस्कार. शहादा तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सहायक ग्रंथपाल म्हणून काम करते. आमच्याकडील तालिका, देवघेव आणि दाखल नोंदवही हे सर्व कोहा या मुक्तस्रोत प्रणालीवर चालते, आणि माझ्या ओळखीतील धुळे व जळगाव जिल्ह्यांतील काही ग्रंथपालही तीच प्रणाली वापरतात. आमचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. त्यावर कोणाची अडचण आली की कोणीतरी उपाय सांगते आणि त्या दिवसाचे काम निभावते, परंतु तो उपाय मूळ प्रणालीपर्यंत पोहोचत नाही आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गावचा ग्रंथपाल तीच अडचण पुन्हा मांडतो.

ही प्रणाली कोणा एका कंपनीची नाही, जगभरातील लोक मिळून ती बनवतात, एवढे आम्हाला प्रशिक्षणात सांगण्यात आले. मात्र मिळून म्हणजे नेमके कसे, हे कोणी सांगितले नाही. कोणता बदल घ्यायचा आणि कोणता नाही, हे ठरवते कोण? एकमेकांना कधी न भेटलेली माणसे एकाच कामात हात घालतात, तेव्हा गोंधळ का होत नाही? आणि ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही, पण ज्यांच्यासमोर दिवसभर हीच प्रणाली उघडी असते, अशा आमच्यासारख्यांना त्यात काही जागा आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गिरणाकाठ :

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘हो’ असे आहे. ते का, हे समजण्यासाठी मात्र आधीच्या दोन प्रश्नांकडे जावे लागते. मी मूळचा चाळीसगावचा, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये करतो आणि सवडीने या प्रकल्पातील पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले छोटे बदल, तपासतो.

कोहाची सुरुवातच एका ग्रंथालयाने केली, हे आधी लक्षात घ्यावे. न्यूझीलंडमधील लेव्हिन या गावच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणक प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. बाजारातील तयार प्रणाल्या घेण्याऐवजी ट्रस्टने १९९९ मध्ये वेलिंग्टनच्या काटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली. २००० च्या जानेवारीत तिच्यावर काम सुरू झाले आणि ट्रस्टने ती स्वतःपुरती न ठेवता जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुली केली. पुढे अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नेल्सनव्हिल येथील सार्वजनिक ग्रंथालयाने पैसे घातले म्हणून तिच्यात मार्क या प्रमाण नमुन्यातील ग्रंथनोंदींची सोय आली. म्हणजे गरज ग्रंथालयाची, पैसा ग्रंथालयाचा आणि कोड सर्वांचा, अशी या प्रकल्पाची जडणघडण पहिल्यापासूनची आहे.

आता ठरवते कोण, हा प्रश्न. या प्रकल्पाला मालक नाही, पण वेळापत्रक आहे आणि ते पाळले जाते. वर्षात दोन मोठ्या आवृत्त्या निघतात, एक मे महिन्यात आणि दुसरी नोव्हेंबरमध्ये. २०१६ पासून आवृत्तीचा क्रमांकही साल आणि महिना यांवरूनच पडतो; २३.११ म्हणजे २०२३ च्या नोव्हेंबरमधील आवृत्ती. प्रत्येक आवृत्तीसाठी जबाबदाऱ्या नव्याने वाटल्या जातात. मुख्य आवृत्तीचा व्यवस्थापक, जुन्या चालू आवृत्त्या सांभाळणारे, गुणवत्ता तपासणारा क्यूए गट, दस्तऐवज लिहिणारे, भाषांतर पाहणारे अशा या जबाबदाऱ्या असतात. इच्छुक मंडळी आपली नावे उघडपणे नोंदवतात आणि कोणालाही हजर राहता येईल अशा ऑनलाइन बैठकीत निवड होते. ही सहा महिन्यांची मुदत मला फार मोलाची वाटते. दमलेल्या माणसाला आपला मान राखून बाजूला होता येते आणि त्याच्या जागी येणाऱ्याला आपण कोणाला हटवले असे वाटत नाही. आपल्याकडच्या कितीतरी मंडळांत हीच सोय नसल्यामुळे चांगली माणसे एकदा गेली की परत येत नाहीत.

एका बदलाचा प्रवास असा होतो. चूक असो की नवी सोय, बगझिला या चुका आणि सूचना नोंदवण्याच्या संकेतस्थळावर तिची नोंद होऊन क्रमांक पडल्याशिवाय तिच्यावर काम सुरू होत नाही. कोणीतरी कोड लिहून त्या क्रमांकाखाली पॅच जोडतो आणि नोंदीची स्थिती ‘नीड्स साइनऑफ’ अशी करतो. त्यानंतर लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या माणसाने तो पॅच आपल्या हाताने चालवून पाहायचा आणि ठीक वाटल्यास साइन-ऑफ, म्हणजे ‘मी तपासले, चालते’ अशी नावानिशी पसंती, द्यायचे. मग क्यूए गटातील तिसरी व्यक्ती कोड वाचते, पुन्हा चालवून पाहते आणि तिची खात्री पटली तरच नोंद ‘पास्ड क्यूए’ होते. त्यानंतर आवृत्तीचा व्यवस्थापक ती मुख्य कोडमध्ये घेतो. लिहिणारा, साइन-ऑफ देणारा आणि क्यूए करणारा हे तिघेही एकाच संस्थेतले असू नयेत, अशीही अपेक्षा असते. या साखळीत व्यवस्थापकाचा अधिकार सर्वांत शेवटी येतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारी प्रत्येक गोष्ट आधी दोन परक्या नजरांखालून गेलेली असते. गोंधळ का होत नाही, याचे माझ्या मते हेच कारण आहे.

यातील दुसरी पायरी, म्हणजे साइन-ऑफ, ग्रंथपालांना करता येते. किंबहुना ती त्यांनीच करावी असे मला वाटते. प्रत्येक पॅचबरोबर टेस्ट प्लॅन, म्हणजे तपासणीच्या क्रमवार पायऱ्या, लिहिलेला असतो आणि त्याशिवाय पॅच पुढे सरकत नाही. समजा, मुदतवाढ देताना परतीची तारीख सुटीच्या दिवशी पडू नये, यासाठीचा एखादा पॅच आहे. त्याच्या टेस्ट प्लॅनमध्ये साधारण असे लिहिलेले असेल: पॅच न लावता कॅलेंडरमध्ये एका दिवसाची सुटी नोंदवा, एका वाचकाच्या नावे पुस्तक द्या, त्याला मुदतवाढ द्या आणि तारीख सुटीवरच पडते याची खात्री करा, मग पॅच लावा, तीच कृती पुन्हा करा आणि तारीख पुढच्या कामाच्या दिवसावर गेली का ते पाहा. यात प्रोग्रॅमिंग कोठेही नाही. परंतु ग्रंथपाल येथे एक गोष्ट आपणहून करून पाहील, जी प्रोग्रॅमरला सुचणार नाही: लागोपाठ दोन सुट्या आल्या तर काय होते, प्राध्यापकांना दीर्घ मुदतीने दिलेल्या पुस्तकाचे काय होते, त्याच पुस्तकावर दुसऱ्याचे आरक्षण असेल तर काय होते. दिवाळीची सुटी आणि परीक्षेचा काळ ज्याने देवघेवीच्या काउंटरवर काढला आहे, त्याच्या डोक्यात हे प्रश्न तयारच असतात.

त्यासाठी आपल्या संगणकावर काही बसवावे लागत नाही. प्रकल्पाने सँडबॉक्स नावाची सोय केलेली आहे. ब्राउझरमध्ये बगचा क्रमांक दिला की त्या पॅचसह एक तात्पुरते कोहा उभे राहते, त्यात हवे ते करून पाहायचे आणि समाधान झाले तर तेथूनच आपले नाव व ईमेल देऊन साइन-ऑफ नोंदवायचे. ते नाव त्या बदलाच्या इतिहासात कायम राहते.

पांझराकाठ :

गिरणाकाठ यांनी केलेली मांडणी अचूक आहे. मी धुळ्यात संगणकशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांना हा विषय समजावताना पांझरेवरील फड पद्धतीचे उदाहरण देतो. नदीवरचा बंधारा सामाईक असतो, जमीन फडांत वाटलेली असते, एका फडात त्या हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते आणि पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः न करता सर्वांनी नेमलेला पाटकरी करतो. आपल्या वावराला आपण पाणी सोडायचे नाही, या एका नियमामुळे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचते. आपल्या पॅचला आपण साइन-ऑफ द्यायचे नाही, हा नियम त्याच जातीचा आहे.

मात्र एका अडचणीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते, कारण ती आपल्याकडे विशेष जाणवते. दुसऱ्याचे काम तपासणे म्हणजे प्रसंगी ते चुकले आहे असे चारचौघांत लिहिणे. विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पात आम्ही हीच पद्धत ठेवली, तेव्हा एकमेकांच्या कोडवर मुले मोकळेपणाने लिहीत होती, परंतु शिक्षकाने लिहिलेल्या कोडखाली ‘छान आहे सर’ यापलीकडे काही येईना. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. मोठ्यांच्या कामात खोट काढू नये हा संस्कार आहे आणि तो घराघरांतून आलेला आहे. पण अशाने तपासणी नावापुरती उरते आणि सर्वांत कमी तपासलेला कोड हा सर्वांत ज्येष्ठ माणसाचा ठरतो.

यावर आम्ही उपाय काढला तो शब्दांचा नसून रीतीचा होता. अभिप्राय चांगला की वाईट हे लिहायचेच नाही. काय केले आणि काय दिसले एवढेच लिहायचे. ‘सर, आपला कोड चुकला’ असे लिहायला जीभ रेटत नाही, पण ‘तिसऱ्या पायरीनंतर रिकामे पान दिसले’ असे लिहायला कोणालाच अडचण येत नाही, कारण ते निरीक्षण आहे. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्तस्रोत प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांतही कोडमधील बदलावर नकाराधिकार वापरायचा असेल तर त्यासोबत तांत्रिक कारण द्यावेच लागते; कारणाशिवायचा नकार ग्राह्य धरला जात नाही. पदाने मोठा असलेला माणूसही त्याला अपवाद नाही. ही अट ज्येष्ठांना जाचक वाटू शकते, पण कनिष्ठांना तिच्यामुळेच बोलता येते.

केळीपट्टा :

मी यावल तालुक्यातील एका ग्रंथालयाचे काम पाहतो. वरील प्रतिसाद वाचले आणि पद्धत पटली, परंतु व्यवहाराच्या बाजूने हरकत नोंदवतो. पॅच लिहा, साइन-ऑफची वाट पाहा, क्यूएची वाट पाहा, मग मे किंवा नोव्हेंबर उजाडण्याची वाट पाहा. आमच्याकडे जून-जुलैत विद्यार्थी नो ड्यूज दाखल्यासाठी रांगेत उभे असतात. आम्हाला तो दाखला मराठीत आणि महाविद्यालयाच्या ठरावीक नमुन्यात हवा होता. भुसावळच्या एका होतकरू मुलाने थेट सर्व्हरवरील फाइल बदलून आमचे काम एका दुपारी करून दिले. हीच सोय आम्ही इतर महाविद्यालयांनाही देऊ शकतो. खान्देशापुरती एक वेगळी आवृत्ती आपणच सांभाळली तर काय बिघडते?

गिरणाकाठ :

भाऊ, परवाना तसे करण्याची पूर्ण मुभा देतो. त्यामुळे हक्काचा प्रश्नच नाही. प्रश्न पुढच्या वर्षाचा आहे. कोहाचे पॅकेज अद्ययावत केले की कार्यक्रमाच्या मूळ फाइली नव्याने लिहिल्या जातात आणि हाताने केलेला बदल त्याबरोबर पुसला जातो. तो मुलगा तेव्हा नोकरीनिमित्त पुण्याला किंवा सुरतेला गेलेला असेल. मग ग्रंथालयापुढे दोनच वाटा उरतात: दाखला गमवायचा किंवा अद्ययावतीकरण थांबवायचे. बहुतेक जण दुसरी वाट धरतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे चालवतात. बदल डेटाबेसच्या रचनेत केलेला असेल तर अडचण आणखी वाढते, कारण पुढील आवृत्तीचे अद्ययावतीकरण नेमके तेथेच अडू शकते. खान्देशासाठी वेगळी आवृत्ती ठेवायची, तर दर सहा महिन्यांनी मूळ प्रकल्पातील सर्व बदल तिच्यात ओतून घेणारी माणसे कायम लागतील. ते काम कोणाच्या अंगावर टाकायचे?

आपल्या दाखल्यासाठी मात्र यातले काहीच करावे लागत नाही. स्वतःचे जावास्क्रिप्ट आणि सीएसएस टाकण्याची जागा सिस्टम प्रेफरन्समध्ये, म्हणजे कोहाच्या सेटिंगच्या पानावर, दिलेली आहे, सूचना व पावत्यांचे नमुने तेथल्या तेथे बदलता येतात, अहवाल एसक्यूएलमध्ये लिहून साठवता येतात आणि त्याहून मोठे काम असेल तर प्लगइन लिहिता येते. हे सारे अद्ययावतीकरणानंतरही टिकते. स्थानिक गरज स्थानिक जागेत ठेवावी आणि सर्वांना उपयोगी पडेल ते मूळ प्रकल्पात न्यावे, अशी विभागणी चमूने फार विचारपूर्वक केली आहे.

उशीर होतो हे मात्र खरे आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. काही पॅच फार काळ पडून राहतात. पण ते बहुतेक वेळा साइन-ऑफच्या पायरीवर अडतात, म्हणजे लिहिणारे आहेत आणि तपासणारे अपुरे आहेत. ही तपासणी टाळली तर काय होऊ शकते, ते २०२४ च्या मार्चमध्ये जगाने पाहिले. एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या छोट्याशा प्रकल्पाचा भार एकटा माणूस वाहत होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दीर्घकाळ मदत करून त्याचा विश्वास मिळवला, सहव्यवस्थापकाचे अधिकार घेतले आणि शेवटी त्यात छुपी वाट घुसवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले आणि त्याने पाठपुरावा केला, म्हणून ती उघडकीस आली. एकाच माणसावर सगळी भिस्त ठेवणे कोणत्याही प्रकल्पाला परवडत नाही.

अक्राणी :

मी धडगावचा असून शिरपूर येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. मला दोन शंका आहेत. या प्रकल्पात काम करणारे बरेच जण कंपन्यांचे पगारी कर्मचारी आहेत असे दिसते. मग तेथे आमच्यासारख्यांच्या शब्दाला किंमत मिळते का? आणि सर्व व्यवहार इंग्रजीत चालतो, त्याचे काय?

गिरणाकाठ :

कंपन्या आहेत आणि त्या उघडपणे आहेत. न्यूझीलंडची कॅटालिस्ट, अमेरिकेची बायवॉटर, फ्रान्सची बिबलिब्र, अर्जेंटिनाची थेके अशा संस्थांतील लोक या कामाचा मोठा वाटा उचलतात. ग्रंथालये त्यांना सेवेचे किंवा एखाद्या सुधारणेचे पैसे देतात आणि ती सुधारणा सर्वांना मिळते. ज्या कंपनीच्या माणसाने पॅच लिहिला, त्याच कंपनीच्या माणसांनी तो तपासून पुढे ढकलू नये ही अपेक्षा मी वर सांगितली, ती यासाठीच आहे. नावाच्या बाबतीतही चमू सावध आहे. २०११ मध्ये एका कंपनीने न्यूझीलंडमध्ये कोहा या नावावर ट्रेडमार्कचा हक्क सांगितला, तेव्हा होरोव्हेनुआ ट्रस्ट समुदायाच्या वतीने त्याविरुद्ध उभा राहिला.

आपल्या शब्दाला किंमत किती, हे आपण काय तपासले आणि ते किती नेमके लिहिले यावर ठरते. शिवाय घड्याळही आपल्या बाजूचे आहे. बैठकींच्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत जाहीर होतात आणि आपण त्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहोत. न्यूझीलंड आपल्या साडेसहा ते साडेसात तास पुढे, तर फ्रान्स साडेतीन ते साडेचार तास मागे. वेलिंग्टनमध्ये कोणी दिवस संपवताना जोडलेला पॅच आपण दुपारी तपासला, तर मार्सेयमधील माणसाला तो त्याच्या कामाच्या वेळेतच क्यूएसाठी तयार मिळतो. शिरपूरला बसून हे करता येते, धडगावलाही करता येईल. नेटवर्क तेवढे हवे.

ग्रंथपाल_अमळनेर :

इंग्रजीविषयी मी लिहिते, कारण माझे स्वतःचे इंग्रजी पुस्तकी आहे आणि तरीही मी बगच्या नोंदी करते. तेथे साहित्यिक भाषा कोणी मागत नाही. आवृत्ती कोणती, काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले, एवढी चार साधी वाक्ये आणि सोबत पडद्याचे चित्र असले की पुरते. परदेशातील मंडळींपैकीही अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यामुळे ती धीराने विचारतात. २०११ मध्ये कोहाची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या ठाण्यातच भरली होती, तेव्हा हा प्रकल्प आपल्यापासून फार दूर आहे असे समजण्याचे कारण नाही.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे की काही चुका फक्त आपल्यालाच दिसू शकतात. एक उदाहरण देते. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द शीर्षकात असलेली पुस्तके शोधताना काही सापडतात आणि काही सापडत नाहीत, असा अनुभव ग्रंथपालांना येतो. पडद्यावर दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या दिसतात. फरक आत असतो. काही कीबोर्डवरून हे अक्षर युनिकोडमधील ०९३१ या क्रमांकाचा ऱ आणि त्यापुढे हलन्त असे उमटते, तर काहींवरून ०९३० क्रमांकाचा साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असे उमटते. अनुक्रमणिकेच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द झाले. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या नोंदींत तर दोन्ही प्रकार मिसळलेले आढळतात. आता ही अडचण कोणी ‘मराठी शोध नीट चालत नाही’ अशा एका ओळीत कळवली, तर वेलिंग्टन किंवा मार्सेयमधील माणूस तिचे काय करणार? त्याला दोन्ही शब्द एकसारखेच दिसणार. पण दोन नोंदी जोडून, त्यांतील वर्णांचे क्रमांक लिहून, शोधासाठी झेब्रा आणि इलास्टिकसर्च या दोन शोधयंत्रणांपैकी कोणती वापरतो आणि झेब्रामध्ये युनिकोडचे नियम पाळणारी आयसीयू पद्धतीची अनुक्रमणिका चालू आहे का, एवढे सांगितले, तर त्याला देवनागरी वाचता न येताही तो त्यावर काम करू शकतो. अशी नोंद लिहिणे हे कोड लिहिण्याइतकेच खरे योगदान आहे, असे मी मानते.

भाषांतराचे कामही असेच आहे. ते पूर्वी पूटल या ऑनलाइन भाषांतर साधनावर होत असे, आता वेबलेट या तशाच साधनावर होते. आवृत्ती निघण्यापूर्वी काही काळ पडद्यावरील मजकूर गोठवला जातो, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकत नाही. त्या काळात दोन-तीन ग्रंथपालांनी एकत्र बसावे आणि एका संज्ञेला सर्वत्र एकच मराठी शब्द राहील असे पाहावे. एका पानावर ‘वाचक’, दुसऱ्यावर ‘सभासद’ आणि तिसऱ्यावर ‘आश्रयदाता’ असे असेल तर काउंटरवरील परिचराने काय समजायचे?

सातपुडा_पायथा :

सर्वांचे मनापासून आभार. मी वरील प्रतिसाद आमच्या गटावर दिले आणि आम्ही काही जणांनी साइन-ऑफचे काम सुरू करायचे ठरवले आहे. त्यातून एक प्रश्न निघाला. मराठी संज्ञा आणि दाखल क्रमांकाचा नमुना यांविषयी गटातील ज्येष्ठ मंडळी फोनवर बोलून ठरवतात आणि नंतर आम्हाला कळवतात. त्यांचा अनुभव मोठा आहे, निर्णयही बहुधा योग्यच असतात. मग हे सर्व लेखी स्वरूपात, उघड्यावर करण्याचा आग्रह धरावा का?

पांझराकाठ :

धरावा, आणि तो आदर राखूनच धरता येतो. फोनवर झालेला निर्णय बरोबर असेलही, पण त्याची कारणे त्या दोघांतिघांच्या मनातच राहतात. पुढच्या वर्षी तळोद्याहून नवी ग्रंथपाल आली आणि तिने विचारले की अमुकच शब्द का, तर तिला देण्यासारखे उत्तर कोणाकडे नसते. मग एकतर तिने मुकाट्याने मान्य करायचे किंवा जुना वाद पहिल्यापासून उकरायचा. बगझिलावरील नोंदीचे खरे बळ हेच आहे. चर्चा अडली की नोंद ‘इन डिस्कशन’ या स्थितीत जाते, तेथे कोणी काय आक्षेप घेतला आणि तो कसा सुटला हे सर्व राहते आणि आज प्रकल्पात आलेल्या माणसालाही ते वाचता येते.

ज्येष्ठांनी फोनवर बोलावे, त्यात गैर काही नाही. बोलणे झाल्यावर त्यांच्यापैकी एकाने किंवा त्यांच्या वतीने आपण प्रस्ताव आणि त्याची कारणे लिहून ठेवावीत आणि हरकतींसाठी मुदत द्यावी. अपाचीच्या प्रकल्पांत मतदानासाठी किमान ७२ तास देण्याची रीत आहे, म्हणजे कोणी प्रवासात असेल, कोणाच्या गावी वीज नसेल, तरी त्याला वाचून बोलता येते. आपल्या गटासाठी मी आठवडा सुचवेन, कारण परीक्षेच्या दिवसांत ग्रंथपालांना सवड मिळत नाही. मुदतीत हरकत आली नाही तर प्रस्ताव मान्य समजावा. आणि हे व्हॉट्सअॅपवर ठेवू नये, तेथे आठवड्यापूर्वीचे काही सापडत नाही.

केळीपट्टा :

नो ड्यूज दाखल्याचा नमुना मी त्या मुलाकडून सिस्टम प्रेफरन्समधील जावास्क्रिप्टमध्ये हलवून घेतला. मूळ फाइल पूर्ववत केली आहे. ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी तो नमुना कारणांसह लिहून सर्वांना वाचता येईल असा ठेवतो. त्यावर हरकती याव्यात. आता माझा प्रश्न: साइन-ऑफसाठी पॅच घेतला, टेस्ट प्लॅनप्रमाणे सर्व केले आणि अपेक्षित परिणाम दिसला नाही, पण चूक पॅचची की माझ्या हातून काही राहिले हे कळत नसेल, तर काय करावे? समोरचा माणूस वर्षानुवर्षे हे काम करणारा आहे. उगाच ‘चालत नाही’ असे लिहिणे बरे वाटत नाही.

गिरणाकाठ :

भाऊ, तेव्हा गप्प बसणे हाच तोट्याचा मार्ग, कारण पॅच तसाच पडून राहतो आणि तपासून थांबलेला पुढचा माणूसही तेच करतो. सँडबॉक्स नव्याने उभे करून तीच कृती एकदा पुन्हा करावी. परिणाम तोच आला तर नोंदीखाली लिहावे की पहिल्या तीन पायऱ्या टेस्ट प्लॅनप्रमाणे झाल्या, चौथ्या पायरीवर मुदतवाढीनंतर तारीख बदलली नाही, कॅलेंडरमध्ये अमुक दिवस सुटी म्हणून नोंदवला होता, अमुक ब्राउझर वापरला. माझ्याकडून एखादी पायरी सुटली आहे का, कृपया पाहावे. सोबत पडद्याचे चित्र जोडावे. स्थिती लगेच ‘फेल्ड क्यूए’ करू नये; लेखकाच्या उत्तराची वाट पाहावी. उत्तर दोन प्रकारचे असू शकते. एक म्हणजे, एखादी सेटिंग आधी चालू करायला हवी होती आणि ती टेस्ट प्लॅनमध्ये लिहायची राहिली. मग लेखक टेस्ट प्लॅन दुरुस्त करतो आणि आपल्यानंतर तपासणाऱ्या प्रत्येकाचा वेळ वाचतो. दुसरे म्हणजे, खरोखरच चूक सापडली. मग नवा पॅच येतो आणि तो तपासायला आपणच सर्वांत योग्य असतो, कारण चौथी पायरी कोठे अडली होती हे आपल्याला ठाऊक असते.

ताईंच्या गटाने सुरुवात करायची असेल तर देवघेवीच्या विभागातील ‘नीड्स साइनऑफ’ नोंदींची यादी बगझिलावर काढावी आणि त्यांतील लहान टेस्ट प्लॅन असलेल्या नोंदी आधी घ्याव्यात. पहिली नोंद तपासताना कोठे अडले तर तिचा क्रमांक येथे द्यावा, मी त्याच नोंदीवर आपल्यासोबत बसतो.